बोलता येत नाही म्हणे!

बोरिवली स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडलं, की विजेच्या खांबांवर, रिक्षांच्या पाठीवर आणि बंद दुकानांच्या शटरांवर एकच मजकूर वेगवेगळ्या शब्दांत वाचायला मिळतो: तुम्हाला बोलता येत नाही. कुणी त्याला व्यक्तिमत्त्व विकास म्हणतं, कुणी कम्युनिकेशन स्किल्स, कुणी तीन महिन्यांत आत्मविश्वासाची हमी देतं. फलकांबद्दल माझं काही म्हणणं नाही. धंदा आहे, ज्याने त्याने आपला माल ओरडून विकावा. पण हल्ली हाच मजकूर व्यासपीठावरूनही ऐकू येतो. निकाल लागले आणि गुणवंतांचे सत्कार सुरू झाले, की मंडळाच्या हॉलमध्ये पाहुणे उठतात, मुलांच्या टक्केवारीचं कौतुक करतात आणि मग चेहरा गंभीर करून म्हणतात, "आपली मुलं हुशार आहेत हो, पण बोलण्यात मार खातात." टाळ्या पडतात. ज्यांच्या मुलांना आत्ताच कमी लेखलं, तेच आईबाप टाळ्या वाजवत असतात.

मला हे विधान खोटं वाटतं. त्याहून वाईट म्हणजे ते फार सोयीचं आहे. घरात, कचेरीत, सोसायटीत बोलणं फिसकटलं की खापर बोलणाऱ्याच्या डोक्यावर फोडायचं आणि ऐकणाऱ्याला मोकळं सोडायचं, ही ती सोय. आपल्या उपनगरांत बोलता न येणारी माणसं फार थोडी आहेत. हातात निर्णय आहे पण ऐकून घ्यायची सवय नाही, अशी मात्र पुष्कळ आहेत. क्लास पहिल्यांसाठी निघतात. दुसऱ्यांसाठी निघत नाहीत, कारण आपण या विषयात नापास आहोत हे त्यांना सांगायची कुणाची टाप नसते.

ज्यांना वाटतं इथल्या माणसाला संवाद जमत नाही, त्यांनी सकाळच्या लोकलच्या महिला डब्यात चढून पाहावं. उभी असलेली बाई बसलेलीला विचारते, "कुठे उतरणार?" ती म्हणते, "अंधेरी." करार झाला. अंधेरीला ती जागा हिची. मध्ये तिसरीने चौकशी केली तर बसलेलीच परस्पर सांगते, "यांना दिलीय." ओळख नाही, पावती नाही, भाषाही बरेचदा तिघींच्या तीन, आणि तरी हा व्यवहार मोडल्याचं क्वचित ऐकू येतं. दारातली रांगही तशीच लागते. "अंधेरी उतरणार का?" एवढ्या तीन शब्दांवर कोण पुढे आणि कोण मागे हे ठरतं. आणि विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरू पाहणाऱ्याला दारातली मंडळी जे ऐकवतात, त्यात संदिग्ध म्हणून काही नसतं. हे सगळं कुठल्या वर्गात शिकवलं जात नाही. ऐकणाऱ्याला ऐकावंच लागतं, कारण पुढच्या स्टेशनावर त्यालाही कुणाला तरी विचारायचं असतं. गरज दोन्ही बाजूंना सारखी असली की बोलणं आपोआप नीट होतं. ती एका बाजूचीच असली की तेच माणूस चाचरू लागतं. माझ्या म्हणण्याचा सगळा जीव या फरकात आहे.

आता त्या क्लासांकडे वळू. पहिल्या दिवशी फळ्यावर हमखास तीन आकडे लिहिले जातात: ७, ३८, ५५. म्हणे बोलण्याच्या परिणामात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. मुलं वहीत उतरवून घेतात, पुढे हीच मुलं दुसऱ्यांना शिकवतात, आणि आकड्यांना शास्त्राचं बळ चढत जातं. हे आकडे आले अल्बर्ट मेहराबियन या लॉस एंजेलिसच्या मानसशास्त्रज्ञाकडून. १९६७ साली त्यांनी सहकाऱ्यांसोबत दोन छोटे प्रयोग केले. सुटा एखादा शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवायचा, एका प्रयोगात सोबत चेहऱ्याचं छायाचित्र दाखवायचं, आणि विचारायचं की बोलणाऱ्याच्या मनात समोरच्याविषयी काय आहे. शब्द एक सांगतो आणि सूर वा चेहरा दुसरंच सांगतो, तेव्हा आपण विश्वास कशावर ठेवतो, एवढाच तो प्रश्न होता. भावना आणि आवडनिवड यांच्यापलीकडे हे समीकरण लागू होत नाही, असा खुलासा पुढे खुद्द मेहराबियन यांनीच केला. तो खुलासा आमच्याकडे पोचला नाही. आकडे मात्र अर्ध्या शतकाहून अधिक काळ सुखाने नांदताहेत.

जरा हिशेब करून पाहा. अंधेरीच्या फलाटावर घोषणा होते, की अमुक लोकल आज दुसऱ्याच फलाटावर येईल. त्या घोषणेला चेहरा नाही, हातवारे नाहीत, आवाजात तर शोधूनही भावना सापडू नये. फळ्यावरच्या हिशेबाने शंभरातल्या सातांनी जिना चढायला हवा. प्रत्यक्षात अख्खा फलाट धावत सुटतो. उलट, ५५ आणि ३८ खरे असते तर तमिळचा गंध नसलेल्या माणसाला चेन्नईच्या वकिलाचा युक्तिवाद बऱ्यापैकी कळायला हरकत नव्हती.

मग हे खूळ टिकलं कसं? शिकवायला सोपं म्हणून टिकलं. शब्द ७ टक्केच असतील तर काय बोलायचं याचा विचार करायची गरज उरत नाही. खांदे ताठ, नजरेला नजर, हात घट्ट मिळवा, टायची गाठ नीट बांधा. पंधरवड्यात हे कुणालाही जमतं. मजकूर शिकवायचा म्हटला तर आधी मास्तरांकडे मजकूर हवा. या परंपरेचे मूळपुरुष डेल कार्नेगी. त्यांनी १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या वायएमसीएत संध्याकाळचे वर्ग सुरू केले आणि १९३६ मध्ये, मंदीने हैराण झालेल्या अमेरिकेत, त्यांचं प्रसिद्ध पुस्तक आलं. विकणाऱ्याने गिऱ्हाइकाशी कसं वागावं, हा त्या विचाराचा पाया. तरी न्यायाने सांगायचं तर कार्नेगींच्या पुस्तकातला सगळ्यात वजनदार सल्ला दुसऱ्याला बोलू द्या, त्याचं ऐका हाच आहे. आमच्या वर्गांनी त्यातलं हसू उचललं आणि ऐकणं तिथेच ठेवलं.

पाहुण्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. बोलण्याच्या बाबतीत आपलं चुकतं, पण ते सांगतात तिथे नाही. मराठी समाजाने बोलण्याकडे कधी दुर्लक्ष केलेलं नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ पासून उभा आहे, मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघ आहे, आणि उपनगरांत आजही एखादं वसाहतीचं सभागृह असं नसेल जिथे वर्षातून चार व्याख्यानं होत नाहीत. समर्थांनी तर दासबोधाचा दुसरा दशक मूर्खाच्या लक्षणांनीच सुरू केला, आणि त्यांतली कितीतरी लक्षणं कुठे, कुणापुढे, कसं बोलू नये याचीच आहेत. खोट आहे ती निराळी. आपण बोलणं म्हणजे व्यासपीठ असं धरून चाललो. एक जण वर, तीनशे जण खाली. "वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत" हे वाक्य कानांवर न पडता संपलेलं व्याख्यान मला तरी पटकन आठवत नाही.

शाळेतली वक्तृत्व स्पर्धा हे त्याचंच छोटं रूप. भाषण बाईंनी किंवा बाबांनी लिहायचं, मुलाने घोकायचं, आणि छातीवर हात बांधून सुरू व्हायचं, "आदरणीय अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो." बालमित्र मागच्या रांगेत एकमेकांना चिमटे काढत असतात. त्यांनी काय ऐकलं याला गुण नाहीत. क्लासवाल्यांनी फक्त बालमित्रांच्या जागी 'गुड मॉर्निंग एव्हरीवन' घातलं. बाकी घोकणं तेच.

आता सोसायटीच्या वार्षिक सभेला या, कारण उपनगरातल्या माणसाला आयुष्यात खरोखर मत मांडून काही पदरात पाडायचं असतं ती जागा ही. इमारतीखाली गाड्या हलवून प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. गणसंख्येला दोन तृतीयांश किंवा वीस सभासद, जो आकडा कमी असेल तो, हवेत. ते बहुधा नसतात, म्हणून सभा अर्ध्या तासासाठी तहकूब होते आणि नंतर असतील तेवढ्यांवर भरते. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम. हिशेब मंजूर. लेखापरीक्षकांची नेमणूक. रंगकाम, लिफ्ट, पार्किंग. पार्किंगवर पाऊण तास. कार्यक्रमपत्रिकेत सगळ्यात शेवटी एक ओळ: अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय. एव्हाना वेफर आणि सामोशाची पाकिटं फिरलेली असतात आणि अर्धी माणसं पिशव्या सावरत उठलेली.

तेव्हा वरच्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या बाई उभ्या राहतात. त्यांच्या न्हाणीघराच्या भिंतीत गच्चीचं पाणी मुरतं. गेल्या वर्षीही त्या हेच बोलल्या होत्या. त्याआधीच्या वर्षीही. त्यांचं बोलणं अगदी व्यवस्थित असतं: कधीपासून, किती, कोण येऊन पाहून गेलं, अर्जाची प्रत कुठे आहे. सचिव ऐकतात, मान हलवतात, नजरेला नजर देतात, चेहऱ्यावर काळजी आणतात. देहबोलीचे ५५ पैकी ५५. मग म्हणतात, "नोंद घेतली, ताई." पुढच्या वर्षीच्या इतिवृत्तात एक वाक्य येतं: गळतीबाबत सविस्तर चर्चा झाली. यात बोलता कुणाला आलं नाही? बाईंना तीन महिन्यांचा वर्ग लावला तर भिंत कोरडी होईल?

सरकारला हे चांगलं ठाऊक आहे. म्हणून तर पुनर्विकासाच्या सभांसाठी ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने चित्रीकरण सक्तीचं ठेवलं. सभेत कोण काय म्हणालं याबाबत पदाधिकाऱ्यांनी लिहिलेल्या कागदावर कायद्याचाही भरवसा नाही. जुन्या इमारती धडाधड पाडून टॉवर उभे राहताहेत अशा बोरिवली-मुलुंड-घाटकोपरमध्ये या एका अटीने सभासदांना जेवढा आवाज मिळाला असेल, तेवढा कुठल्या वक्तृत्ववर्गाने दिलेला नाही. कॅमेरा लागला की ऐकणारा सावध होतो. बोलणारा तोच असतो.

इथे पाहुण्यांचा सगळ्यात बळकट मुद्दा पुढे येतो, आणि तो टाळून चालणार नाही. ते म्हणतील, सोसायटीचं जाऊ द्या, नोकरीचं बोला. मराठी माध्यमातून शिकलेली मुलगी सीप्झमधल्या किंवा मालाडच्या माइंडस्पेसमधल्या कंपनीत मुलाखतीला जाते. लेखी परीक्षेत पहिली येते आणि गटचर्चेत गप्प बसते. कॉन्व्हेंटचा मुलगा तीच गोष्ट तीनदा फिरवून सांगतो आणि निवडला जातो. हे घडतं. रोज घडतं. त्या मुलीला काही शिकवायचंच नाही का?

शिकवायचं ना. इंग्रजी शिकवा. इंग्रजी म्हणूनच शिकवा, व्याकरणासकट, वाचनासकट, दोन वर्षं घेऊन. पण तिला इंग्रजी कमी येतं, याला तुमचं व्यक्तिमत्त्व अविकसित आहे असं नाव देऊ नका. हीच मुलगी घरी पाणीवाल्याशी, मीटर तपासणाऱ्याशी, आजोबांच्या डॉक्टरांशी बोलून चार माणसांची कामं करून आणते. संध्याकाळी भावाला गणित समजावते. एका भाषेत ती अडते म्हणून तिच्यात आत्मविश्वासाचा खड्डा आहे असं सांगायचं आणि तो बुजवायचे पैसे घ्यायचे, याला मी शिकवणं म्हणत नाही. आणि एक प्रश्न टेबलापलीकडच्यांनाही. ज्या कामात दिवसभर संगणकावर कोड लिहायचा आहे, त्यासाठी मोठ्याने बोलणाऱ्यालाच निवडणाऱ्या गटचर्चेची परीक्षा कुणी कधी घेतली? चुकीचा माणूस निवडला गेला तर ऐकणाऱ्याला ओरखडा उमटत नाही. जी घरी गेली तिच्या माथी मात्र शिक्का बसतो.

निवडल्या गेलेल्यांचं पुढे काय होतं तेही पाहा. एका कॉल सेंटरमध्ये नव्या मुलांच्या प्रशिक्षणाला मागच्या रांगेत बसायचा योग मला आला होता. पडद्यावर शब्द होते: सहानुभूती, सक्रिय श्रवण, ग्राहकाच्या जागी स्वतःला ठेवा. सहानुभूतीची वाक्यं छापून दिली होती. आपला त्रास मला समजतो आहे, हे पहिल्या अर्ध्या मिनिटात म्हणायचं. नाही म्हटलं तर गुण कापले जाणार. चहाच्या सुट्टीत शेजारच्या मुलाने दुसरी बाजू सांगितली. एक कॉल सरासरी किती वेळात संपवायचा याचं उद्दिष्ट ठरलेलं असतं आणि महिन्याचा भत्ता त्यावर असतो. म्हणजे त्रास समजतो असं म्हणायचं, पण समजून घ्यायला थांबायचं नाही. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये विमानातल्या परिचारिकांवर पुस्तक लिहून दाखवून दिलं होतं, की हसू हा पगाराचा भाग झाला की ते कामगाराच्या अंगावर दुसऱ्या पाळीसारखं पडतं. अंधेरीतल्या हवाई सुंदरी घडवणाऱ्या संस्थांच्या जाहिरातींत ते हसू आहेच. ते रात्री घरी येऊन उतरवायला किती वेळ लागतो, हे नाही.

विमानाचा विषय निघालाच आहे तर तिथेच थांबतो, कारण संवाद कशाने सुधारतो याची सगळ्यात मोठी किंमत मोजून केलेली तपासणी त्याच धंद्यात झाली. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफ बेटावर दोन जम्बो जेट विमानं धावपट्टीवरच आदळली. ५८३ माणसं गेली. डच विमानाचा कप्तान कंपनीच्या जाहिरातींत झळकणारा, इतर वैमानिकांना शिकवणारा. धुक्यात त्याने उड्डाण सुरू केलं तेव्हा त्याच्याच कॉकपिटमधल्या इंजिनिअरने विचारलं, की समोरचं विमान पट्टीवरून हटलं नाही की काय? प्रश्न नेमका होता, वेळेवर होता, मातृभाषेत होता. कप्तानाने तो ठामपणे उडवून लावला. शब्द, आवाज, आत्मविश्वास, सगळं त्या कॉकपिटमध्ये हजर होतं. नव्हता तो ऐकणारा.

आपल्याकडे २२ मे २०१० ला दुबईहून मंगळूरला आलेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानात पुन्हा तेच. विमान फार उंचावरून उतरू लागलं होतं. उतरू नका, वर घ्या, असं सहवैमानिकाने एकदा नव्हे तर वारंवार सांगितलं, याची नोंद चौकशीत आहे. कप्तानाने ऐकलं नाही. १५८ मृत्यू.

टेनेरिफनंतर विमान कंपन्यांनी केलं काय? कनिष्ठांना मान वर करून बोलायला शिकवलं, हे खरं. पण त्यासोबत कप्तानांनाही बाकावर बसवलं. सहकाऱ्याने शंका काढली की ती अपमान मानायची नाही, कामाचा भाग मानायची, निर्णयाआधी विचारायचं, उत्तर द्यायचंच. जगभरच्या वैमानिकांना आजही हे प्रशिक्षण पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं आणि त्यात हुद्द्याची सवलत नाही. सहारच्या विमानतळावरून रोज उडणाऱ्या माणसांचा जीव या साध्या गोष्टीवर टांगलेला असतो, की उजव्या खुर्चीतल्याचं डाव्या खुर्चीतल्याने ऐकायचं. एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत परिचारिकांच्या तुकड्या तपासल्या, तेव्हा त्यांनाही बुचकळ्यात टाकणारी गोष्ट दिसली. चांगल्या तुकड्यांमध्ये औषधांच्या चुकांची नोंद जास्त होती. तिथे चुका जास्त होत नव्हत्या. चूक झाल्याचं सांगितलं तर मुख्य परिचारिका अंगावर येणार नाही, याची खात्री होती. बाकीच्या ठिकाणी तशाच बायका गप्प बसत. त्यांच्या बोलण्याच्या कौशल्यात कुठे फरक होता?

इतक्या लांबही जायला नको. अंधेरीचा गोखले पूल घ्या. ३ जुलै २०१८ ला त्याचा एक भाग रुळांवर कोसळला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल वाहतुकीला बंद झाला, अंधेरी पूर्व-पश्चिम अक्षरशः तुटली, आणि २६ फेब्रुवारी २०२४ ला नव्या पुलाची एक बाजू उघडली. उघडली तेव्हा कळलं, की शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाला ती जुळतच नाही. मध्ये सुमारे दीड मीटरचा खडा फरक. रेल्वेच्या बदललेल्या नियमामुळे रुळांवरची उंची वाढवावी लागली, असं महापालिकेचं स्पष्टीकरण होतं. असेलही. पण उंची वाढणार हे नकाशावर आलं तो दिवस आणि पूल उघडला तो दिवस यांच्यामध्ये किती बैठका झाल्या असतील, याचा विचार करा. त्या बैठकांत बोलता न येणारा एकही माणूस नसणार. सगळे अभियंते, सगळ्यांकडे सादरीकरणं, सगळ्यांच्या तोंडी समन्वय हा शब्द. शेवटी व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांचा सल्ला घेऊन बर्फीवाला पूल जॅक लावून उचलावा लागला आणि जुलै २०२४ मध्ये दोन्ही पूल जोडले गेले. व्हॉट्सअ‍ॅपवर विनोद करत आपण तो काळ काढला. त्या अभियंत्यांना व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गाला पाठवा असं तेव्हा कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. ते फक्त आपल्या मुलांना सांगितलं जातं.

आणि काही वेळा तर समोरचा ऐकायचंच नाही असं ठरवून बसलेला असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला कार्यालयासाठी जागा बघायला गेलेल्या एका मराठी महिलेला, इथे मराठी माणसांना जागा देत नाही, असं तोंडावर सांगण्यात आलं. चित्रफीत राज्यभर फिरली. त्या बाई स्पष्ट बोलत होत्या, नेमकं विचारत होत्या. त्यांनी आणखी काय सुधारायचं होतं?

घराबद्दल थोडकं बोलतो, कारण घराबद्दल सगळेच लांबलचक बोलतात. संवाद हरवला, मोबाइलने घात केला, पूर्वी चाळीत कसं सगळे एकमेकांशी बोलायचे, हा सूर दिवाळी अंकांत दरवर्षी लागतो. चाळीत सगळ्यांचं सगळ्यांना ऐकू जायचं, हे खरं. पण त्यात सुनेला काय वाटतं हे किती घरांत विचारलं जाई? गिरगाव-परळ सोडून बोरिवलीला आलेल्या कितीतरी बायकांना दाराला कडी असलेली खोली मिळाली तेव्हाच पहिल्यांदा नवऱ्याशी मनातलं बोलता आलं, असं त्या पिढीच्या बायका आजही सांगतात. मोबाइलचा दोष आहेच. पण चर्चगेटला काम आणि बोरिवलीला घर असलेला माणूस दिवसाचे अडीच-तीन तास गाडीत आणि रिक्षाच्या रांगेत घालवून रात्री नऊला दारात उभा राहतो, तेव्हा त्याच्यात बोलायची ताकद उरत नाही. त्याला 'कुटुंबासाठी रोज वीस मिनिटं दर्जेदार वेळ' हा सल्ला देणारे व्याख्याते बहुधा स्वतःच्या गाडीने, दुपारी प्रवास करत असावेत. आणि मुलगा दहावीनंतर कला शाखेला जातो म्हणाला की "तुला काय कळतंय!" म्हणणारे वडील संवादात कच्चे आहेत, हे त्यांना कुणी सांगणार का? मुलाने मुद्दा तर नीटच मांडला होता. त्याने तो पुन्हा मांडला नाही, एवढंच. पुढे चार वर्षांनी तेच वडील तक्रार करतात, की हा आमच्याशी काही बोलतच नाही.

तेव्हा सुधारायचं आहे ते जरूर सुधारू या, पण जिथे बिघडलं आहे तिथे. कंपन्यांनी प्रशिक्षणाचा खर्च आधी व्यवस्थापकांवर करावा. कनिष्ठाने काढलेल्या किती शंकांना उत्तर दिलं हे त्यांच्या वार्षिक मूल्यमापनात लिहावं, बघा किती जणांना अचानक बोलता येऊ लागतं. शाळांनी वक्तृत्व स्पर्धेच्या जोडीला एकच बक्षीस वाढवावं: दुसऱ्याच्या भाषणावर सर्वांत चांगला प्रश्न विचारणाऱ्याला. व्याख्यानमालांनी वक्त्याला चाळीस मिनिटं द्यावीत आणि श्रोत्यांना वीस, आणि ती वीस कापू नयेत.

आणि सोसायटीच्या सचिवांना विनंती. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, चौदा दिवस आधी सूचना लावायची असते, म्हणजे कार्यक्रमपत्रिका लिहायला वेळ आहे. यंदा गळतीचा विषय पार्किंगच्या आधी घ्या, आणि इतिवृत्तात 'चर्चा झाली' असं न लिहिता काय ठरलं, कुणी करायचं आणि कोणत्या तारखेपर्यंत, ते लिहा.